दीड वितीची खुर्ची

माझा भाचा, म्हणजे धाकट्या भावाचा मुलगा, पुण्याचं बिऱ्हाड मोडून दीड वर्षासाठी परदेशी निघाला. जाताना त्यानं कपाट, गादी, फ्रीज असं सगळं सामान मित्रांत वाटून टाकलं. एक वस्तू तेवढी कोणाला द्यायला त्याचा जीव झाला नाही. ती त्यानं लाकडी खोक्यात बंद केली, खोक्यावर चारी बाजूंनी 'सांभाळून' असं लिहिलं आणि अमरावतीला आईबापांकडे पाठवून दिली. ती वस्तू म्हणजे एक खुर्ची. बसायची. शिकून माणूस शहाणा होतो असं मी बत्तीस वर्षं शाळेत पोरांना सांगत आले. त्या खोक्याकडे पाहून मला पहिल्यांदा त्याची शंका आली.

माझं माहेर अमरावतीचं आणि सासर अकोल्याचं. नवरा गेल्यापासून महिन्यातून एकदा दोन दिवस आईला पाहायला जाते. खोकं आलं तेव्हा मी तिथंच होते. भावानं खिळे उपसले, कागदाची भेंडोळी काढली, आणि आतून जे निघालं ते पाहून आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. लाकूड चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. हात रुंद, कडा गुळगुळीत, कुठं खिळा दिसत नव्हता. पण उंची? खुर्ची कसली, मोठा पाटच. मी वीत लावून पाहिली. बसायची जागा जमिनीपासून जेमतेम दीड वीत. त्यावर लोकरीच्या कापडाची गादी. लोकरीची! अमरावतीत! इथं एप्रिल लागला की अंगावरचं सुती पातळसुद्धा नकोसं होतं.

खुर्चीसोबत एक पुस्तिका होती, गुळगुळीत कागदाची, पत्रिकेसारखी. तिच्यात ती खुर्ची बनवणाऱ्या माणसाची गोष्ट होती. हे गृहस्थ डेन्मार्ककडचे. मागच्या शतकाच्या मध्यावर त्यांनी ही खुर्ची काढली, म्हातारे झाले, वारले, कारखाना बंद पडला. आता त्यांच्या नातीनं तीच खुर्ची, तशीच्या तशी, पुन्हा बनवायला घेतली आहे. प्रत्येक खुर्चीला क्रमांक आणि ती अस्सल असल्याचं कार्ड. भाच्यानं ते कार्ड आपल्या पदवीच्या प्रमाणपत्रासोबत एकाच पाकिटात ठेवलं होतं. दोन्हींची योग्यता त्याला बरोबर कळली होती म्हणायची.

खुर्ची एवढी बुटकी का, याचीही पानभर कथा होती. त्यांच्याकडे घरात शेकोटी असते. हिवाळ्यात सहा-सहा महिने सूर्य नीट दिसत नाही, मग शेकोटीची ऊब पायांना आणि छातीला सारखी लागावी म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं खपून, एकेक बोट कमी करत ही उंची ठरवली. वा रे पठ्ठ्या! मे महिन्यात अकोल्याला येऊन बस म्हणावं, शेकोटीचं नाव काढणार नाहीस. आणि चित्रं? सात-आठ चित्रांत हे गृहस्थ खुर्चीत रेलून बसलेले, पाय लांब केलेले, तोंडात पाईप. एका चित्रात त्यांची बायको होती. ती खुर्चीच्या मागे, पाठीवर हात ठेवून उभी. मी ते चित्र वहिनीला दाखवलं. म्हटलं, "पाहा, समुद्रापलीकडेही बाई उभीच." वहिनी हसली नाही. तिला बहुतेक ते विनोदाचं वाटलं नाही.

खुर्चीचं उद्घाटन मोठ्या बाबांच्या हातून, खरं तर बुडानं, झालं. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे सख्खे थोरले भाऊ. वय नव्वदीला टेकलेलं, बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. माझे वडील गेल्यावर घरात वडीलधारे ते एकटेच. सकाळी आंघोळ करून जे बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर बसतात ते जेवणापुरते आणि मोरीपुरतेच उठतात. नवी वस्तू घरात आली की पहिला मान त्यांचा. भावानं हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं. आता आमच्याकडचा म्हातारा माणूस बसायला सांगितलं की काय करतो? पाय वर घेतो आणि मांडी घालतो. मोठ्या बाबांनीही तेच केलं. त्या उतरत्या गादीवर मांडी घातल्याबरोबर ते मागे जे गेले, ते हनुवटी छातीला आणि गुडघे कानाला.

"अरे उठवा रे मले!" ते आतूनच ओरडले. "काहून आनली रे हे? हे खुर्ची नाई, हा फास हाये!"

भावानं आणि शेजाऱ्यानं दोन बाजूंनी धरून त्यांना बाहेर काढलं. मी अकोल्याला परतले तरी वहिनी फोनवर सांगायची, पुढे आठ दिवस कॉलनीतली माणसं खुर्ची पाहायला येत होती. जो तो मांडी घालायचा आणि जो तो अडकायचा. एका सद्गृहस्थांनी, हे निवृत्त इंजिनिअर, खुर्चीला खालून-वरून न्याहाळून निकाल दिला की कारागिराचं माप चुकलं आहे. चहा सगळ्यांनी घेतला. खुर्ची मग दिवाणासमोर, भिंतीशी सारून ठेवली गेली. वहिनीनं तिच्यावर जुनी सुती चादर टाकली. मला वाटलं, संपलं एकदाचं.

पण माझं डोकं त्या खुर्चीनं फिरवलं ते काही तिच्या मापामुळे नाही. त्याचं कारण आतल्या खोलीत होतं. तिथं माझी आई होती, आणि तिला स्वतःच्याच घरात बसायला जागा नव्हती.

हे नीट सांगायला हवं. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर आणि भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, खुर्चीवर किंवा बाजेवर बसत नाही. डोक्यावर पदर घेऊन खाली बसते, नाही तर उभी राहते. त्यांच्याशी सरळ बोलतही नाही. काही सांगायचं झालं तर लेकराला पुढे करून सांगते. शिकल्या-सवरल्या घरांतून हे केव्हाच गेलं. माझी वहिनी मोठ्या बाबांसमोर खुशाल खुर्चीवर बसून भाजी निवडते आणि त्यांना त्याचं काही नाही. पण आई वेगळ्या काळात त्या घरात आली. ती लग्न होऊन आली त्या दिवसापासून बाहेरच्या खोलीत आतल्या दाराशी, भिंतीला टेकून, खाली बसत आली. तिथूनच तिनं सगळं पाहिलं. आमचे अभ्यास, माझ्या लग्नाची बोलणी, वडिलांचा शेवटचा आजार, नातवाची पहिली पावलं. पाहुण्यांशी बोलणंही तिथूनच. घरातली निम्मी सल्लामसलत त्या दाराशी बसलेल्या बाईला विचारूनच व्हायची.

दोन वर्षांपूर्वी तिचे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, खाली बसायचं नाही. मांडी नाही, उकिडवं नाही. ऑपरेशनला तिनं साफ नकार दिला. मग राहिलं काय? खाली बसायला डॉक्टरची मनाई, वर बसायला तिच्या स्वतःच्या मनाची. आई आतल्या खोलीत पलंगावर गेली आणि तिथंच राहिली. तिथं मोठे बाबा दिसत नाहीत, म्हणून बसता येतं. ते मोरीकडे जायला निघाले की दारातून खाकरतात. ती त्याही गुडघ्यांवर भिंत धरून उठते, पदर घेते आणि ते जाऊन येईपर्यंत उभी राहते. बाहेर माणसं हसतात, बोलतात, चहा पितात, आणि ही आतून कान देऊन ऐकते. दोन वर्षांत तिचं बोलणं कमी झालं. मला ते दिसत होतं.

मी काय गप्प बसणारी आहे? शाळेत दर मार्च महिन्यात महिला दिनाचं भाषण माझंच असायचं. ही परदेशी खुर्ची यायच्या आधीच एकदा मी बाहेरच्या खोलीत प्लास्टिकची खुर्ची आणून आपटली आणि आईला हाताला धरून बाहेर आणलं. "बस. माणसासारखी बस," म्हटलं. ती खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. "अगं कोण खातं आहे तुला?" मग मी मोठ्या बाबांकडे वळले. त्यांनाही सोडलं नाही.

"मी कुठं नाई म्हनतो?" ते भिंतीवरच्या कॅलेंडरला म्हणाले. "बसू दे ना तिले. मी कधी म्हटलं, नोको बसू म्हनून?"

त्यांनी कधी नको म्हटलं नव्हतं, हे खरं होतं. बस असंही कधी म्हटलं नव्हतं. आणि आता कॅलेंडरला का होईना ते म्हणाले, तर आई जास्तच शरमली. सगळ्यांसमोर तिच्या बसण्याचा तमाशा झाला होता. ती पाय ओढत आत गेली आणि, वहिनीनं नंतर कळवलं, चार दिवस स्वयंपाकघरातसुद्धा फिरकली नाही. दुसऱ्यांदा दिवाळीत मी हाच प्रयोग केला, आवाज थोडा आणखी चढवून. निकालही तोच लागला. सासरी जाताना मी मोठ्या बाबांच्या पाया पडले नाही. त्यांना ते कळलंही नसावं.

तर अशा घरात ही शेकोटीवाली खुर्ची येऊन बसली होती. माझ्या आईला टेकायला हातभर जागा नाही, आणि जिच्यात कोणालाच बसता येत नाही अशा परदेशी लाकडाला बाहेरच्या खोलीत मोक्याची जागा! मला ते सहन होईना. मी अकोल्याहून रोज फोनवर आग पाखडू लागले. भावाला म्हटलं, काढ ती. भाऊ जन्माचा मुका. "पाहू ताई" एवढंच म्हणायचा. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी त्या मेलेल्या कारागिराची पुरेपूर टिंगल केली. भाचा तिकडून हिरमुसले चेहरे टाकायचा. शेवटी एकदा मी त्याला सरळ विचारलं, की तुझी आजी आत अंधारात बसते आणि तुला खुर्चीची पडली आहे का? ते त्याला लागलं. म्हणाला, "विका आत्या. तुम्हाला योग्य वाटेल ते करा." मला जिंकल्यासारखं वाटलं. कार्ड कुठल्या पाकिटात आहे तेही त्यानं कळवलं.

गिऱ्हाईक मला अकोल्यातच मिळालं. माझ्याबरोबर शिकवणाऱ्या बाईंचा मुलगा दातांचा डॉक्टर आहे. त्याच्या दवाखान्यात रोग्यांसाठी साधं बाकडं आणि स्वतःच्या खोलीत असल्या वस्तू. मी फोटो पाठवल्याबरोबर त्याचा फोन आला. आम्ही रविवारी त्याच्याच गाडीनं जायचं ठरवलं.

आदल्या दिवशी मी वहिनीला कळवलं. ती म्हणाली, "ताई, घाई नका करू ना. आई आता..." आणि थांबली. फोन बाहेरच्या खोलीत असतो, मोठे बाबा समोरच. मी तिला पुढे बोलूच दिलं नाही. म्हटलं, "आईचं मी पाहते. तू फक्त त्या खुर्चीवरची चादर काढून ठेव."

मूर्तिजापूर येईपर्यंत दातांच्या डॉक्टरनं मला त्या कारागिराचा आयुष्यक्रम ऐकवला. मूळच्या खुर्च्या वेगळ्या आणि आता नव्यानं काढलेल्या वेगळ्या, मूळच्यांचं लाकूड तांबूस पडतं, नव्यांना तो रंग यायला वीस वर्षं जातील, वगैरे. सोयरीक जुळवताना मुलीचं मूळ गाव विचारतात तसं त्यानं मला तीनदा विचारलं, की ही नवीच ना? कार्ड आहे ना? मी म्हटलं, बाबा, कार्ड आहे, क्रमांक आहे, सगळं आहे, फक्त बसता येत नाही. तो हसला. म्हणाला, "काकू, तिच्यात बसायचं कसं ते शिकावं लागतं." मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

घरी पोहोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजले असतील. दार उघडंच होतं. मोठे बाबा दिवाणावर बसले होते. समोर भिंतीशी ती खुर्ची, चादर टाकलेलीच, आणि खुर्चीत माझी आई. डोक्यावर पदर, मांडीवर सूप, सुपात तुरीची डाळ. पाठ नीट मागे टेकलेली, पाय पुढे सरळ सोडलेले, दोन्ही कोपरं खुर्चीच्या रुंद हातांवर.

डोळ्यांनी पाहिलं, पण डोक्यात शिरलं नाही. माझ्या डोक्यात खुर्ची होती. आत पाऊल टाकल्या टाकल्या मी म्हणाले, "आई, ऊठ जरा. हे खुर्ची न्यायला आले आहेत."

बोलून झाल्यावर मला कळलं मी काय बोलले ते. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती, हात पिठाचे. भाऊ हातातला पेपर तसाच धरून बसला होता. दातांचा डॉक्टर खिशातून मोजायची टेप काढता काढता थांबला. आणि आई, जी कोणी खाकरलं तरी भिंत धरून उठायची, जिनं जन्मभर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला उठून जागा दिली, ती परक्या पुरुषासमोर, भासऱ्यासमोर, बसून राहिली.

"मी नाई उठत," ती म्हणाली.

आवाज चढलेला नव्हता. तिनं सुपातली डाळ पुन्हा पसरली आणि निवडू लागली.

सगळे मोठ्या बाबांकडे पाहू लागले, मीही. नव्वद वर्षांचा माणूस, त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा डॉक्टरकडे. मग उशी ओढली, आडवे झाले, भिंतीकडे तोंड केलं आणि डोळे मिटले. भर दुपारी बारा वाजता, जेवणाआधी. त्यांना झोप आली नव्हती हे शेंबडं पोरही सांगेल. त्या घरात त्यांनी माझ्या आईवर केलेली ही पहिली मेहेरबानी. ती करायलासुद्धा त्यांना पाठ फिरवावी लागली.

डॉक्टरला भावानं प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. मी चहाच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले. वहिनी हळू आवाजात सांगू लागली. तीन आठवड्यांपूर्वी एका दुपारी ती कपडे वाळत घालून आली तर आई बाहेर त्या खुर्चीत. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी सांगितलं नव्हतं. मोठे बाबा समोर जागे होते. वहिनी काही न बोलता आत निघून गेली आणि नवऱ्यालाही डोळ्यानं दटावलं. तेव्हापासून आई रोज बाहेर येते. मांडी न घालता पाय सोडून बसते, उठताना त्या दांडग्या हातांवर जोर देते, वहिनी एक हात देते, की झालं. परवा शेजारणीशी तासभर बोलत होती. घरात कोणी तोंडातून अवाक्षर काढलं नाही, कारण सगळ्यांना एकच भीती, बोललं तर ती पुन्हा उठून आत जाईल.

"मी इचारलं एकदा हळूच," वहिनी म्हणाली. "तं म्हनल्या, ते काय खुर्ची हाये? ते तं पाटच समज, पाठ टेकाले. दिवानापेक्षा खालीच हाये ना."

दिवाणापेक्षा खाली. एवढंच हवं होतं तिला. तिला समानता नको होती, माझं भाषण नको होतं, मोठ्या बाबांची परवानगी तर नकोच होती. तिला भासऱ्याच्या खाली राहून दुखरे गुडघे सोडून बसता यावं, एवढी एक जागा हवी होती. शेकोटीसाठी खपलेल्या त्या पाईपवाल्यानं, ज्याला वऱ्हाड कशाशी खातात हे माहीत नव्हतं, ती नकळत करून ठेवली. आणि आम्ही? घरात पाच खुर्च्या पडल्या होत्या. सुताराला बोलावून त्यातल्या एकीचे पाय चार बोटं कापून घेतले असते तर काम अर्ध्या तासाचं होतं. दोन वर्षांत ते कोणाला सुचलं नाही. मी तर घरातली शिकलेली. मला आवाज चढवणं तेवढं सुचलं. त्या वेळी मला माझी जेवढी लाज वाटली तेवढी कधी कोणाची वाटली नव्हती, मोठ्या बाबांचीसुद्धा नाही.

डॉक्टर चहा घेऊन निघाला. जाताना त्यानं आईला वाकून नमस्कार केला. नमस्कार तिला की खुर्चीला, ते मी विचारलं नाही. त्याला गाडीपर्यंत सोडून मी परत आले आणि आईच्या समोर खाली बसले. सुपातली डाळ निवडायला हात लावला तर तिनं सूप थोडं आपल्याकडे ओढलं.

"आई, मला सांगायचं तरी," मी म्हणाले. "मी उगीच त्या माणसाला अकोल्याहून घेऊन आले. मला काय माहीत तुला ही आवडते ते."

डोक्यावरचा पदर तिनं सारखा केला.

"तू इचारलं काय कधी?" ती म्हणाली. "तू येते, दोन दिस बोलते, अन् चालली जाते. मले इथं राहा लागते."